बोट पडल्यापासून ठोका ऐकू येईपर्यंत

वाचकांचे प्रश्न : संगीत आणि ध्वनी

ठेके तयार करण्याच्या यंत्रांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. चारही पत्रे खान्देशातून आली आहेत आणि ती लिहिणारे चौघेही प्रत्यक्ष वाजवणारे किंवा वाजवणाऱ्यांसोबत काम करणारे आहेत. म्हणून उत्तरे जाहिरातीतल्या माहितीवर न थांबता मंडपापर्यंत नेण्याचा प्रयत्न केला आहे. सॅम्पलर म्हणजे आवाज स्वतःत साठवून पॅडवर बोट पडताच ते वाजवणारे यंत्र. पॅड कंट्रोलरला मात्र स्वतःचा आवाज नसतो; कोणता पॅड किती जोरात वाजला एवढेच तो लॅपटॉपला कळवतो आणि आवाज लॅपटॉपमधले सॉफ्टवेअर काढते.

प्रश्न : मी अमळनेरचा. सहा वर्षांपासून लग्नांत आणि आमच्याकडच्या कानबाई देवीच्या कार्यक्रमांत ऑक्टापॅड वाजवतो. आता अहिराणी गाण्यांचे ठेके स्वतः बांधायचे आहेत. कॉलेजात असताना घेतलेला लॅपटॉप अजून चालतो. काही मित्र म्हणतात, सोळा पॅडचा कंट्रोलर घे आणि सॉफ्टवेअरवर काम कर. काही म्हणतात, खरा सॅम्पलर घे, त्याचा आवाजच वेगळा असतो. पैसे एकदाच खर्च करता येतील. काय घ्यावे?

उत्तर : आधी ‘आवाजच वेगळा’ हा मुद्दा बाजूला काढू, कारण बहुतेकांचे पैसे त्याच्यापायी चुकीच्या जागी जातात. ही समजूत निराधार नाही, पण ती जुन्या यंत्रांची आहे. १९८७ साली आलेला ई-म्यू कंपनीचा एसपी-१२०० हा सॅम्पलर १२ बिटांचा होता, म्हणजे आवाज आजच्यापेक्षा ढोबळ मापाने साठवत असे, आवाजाचे नमुने सेकंदाला सुमारे २६,००० वेळा घेत असे आणि त्यात सगळे मिळून जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावत असे. पुढच्याच वर्षी अकाई कंपनीने रॉजर लिन यांच्या रचनेवरून एमपीसी ६० बाजारात आणला. चार ओळींत चार असे सोळा रबरी पॅड ही आज सगळीकडे दिसणारी मांडणी त्यानेच रूढ केली. तोही १२ बिटांचाच होता आणि मुळात त्याची मर्यादा तेरा सेकंदांच्या आसपास होती. जागा वाचवण्यासाठी त्या काळचे लोक मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांच्या गतीची तबकडी पंचेचाळीसवर फिरवून आवाज भरून घेत आणि नंतर यंत्रात त्याची गती खाली उतरवत. त्यातून आवाजाला जो खरखरीत, जाडसर पोत आला, तो कानांना आवडला आणि त्याचे नाव झाले. आजच्या सॅम्पलरमध्ये ती अडचण उरलेली नाही, म्हणून तो पोतही आपोआप येत नाही. एकच फाइल आजच्या सॅम्पलरवरून आणि चांगल्या ऑडिओ इंटरफेसला (आवाज लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या आणि बाहेर देणाऱ्या पेटीला) जोडलेल्या लॅपटॉपवरून वाजवली, तर मंडपातल्या स्पीकरवर कोणालाही फरक सांगता येणार नाही. तो जुना पोत हवाच असेल तर रोलंडच्या एसपी-४०४ या सॅम्पलरच्या मालिकेत तसे इफेक्ट मुद्दाम दिलेले आहेत आणि सॉफ्टवेअरमध्येही आहेत.

दुसरे असे की, ‘खरे यंत्र’ आणि ‘संगणक’ हा भेदही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०१७ साली आलेल्या एमपीसी लाइव्हच्या आणि २०२० च्या एमपीसी वनच्या पोटात लिनक्सवर चालणारा छोटा संगणकच आहे. एबलटन कंपनीचा २०१३ चा पहिला पुश हा पॅड कंट्रोलर लॅपटॉपशिवाय मुका होता, तर २०२३ च्या पुश ३ ची एक आवृत्ती स्वतःचा प्रोसेसर आणि डिस्क घेऊन येते. तेव्हा दोन्हीकडे संगणकच आहे. फरक इतकाच की, सॅम्पलरमधल्या संगणकाला एकच काम नेमून दिलेले असते. तुमच्या लॅपटॉपला मात्र वायफाय, अपडेट, अँटिव्हायरस आणि लग्नाचे फोटो हे सगळे सांभाळून मधल्या वेळात ठोका वाजवायचा असतो.

हे ‘मधल्या वेळात’ काय असते, ते मी प्रत्यक्ष भोगले आहे. काही वर्षांपूर्वी वैशाखात पारोळ्याजवळच्या एका गावी हळदीच्या कार्यक्रमाला आम्ही लॅपटॉप आणि पॅड घेऊन गेलो होतो. सूर्य मावळला तरी पत्रा तापलेलाच होता, डोक्यावर हॅलोजन होते आणि मी लॅपटॉप प्लास्टिकच्या खुर्चीवर टॉवेल अंथरून ठेवला होता. त्या टॉवेलने खालची जाळी बंद केली, हे माझ्या लक्षात आले नाही. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती कमी करतो. तिसऱ्या गाण्यात आवाजात चरचर सुरू झाली, चौथ्यात ठोके तुटू लागले आणि नवरदेवाच्या आत्या नाचायला उठल्या त्याच क्षणी पडदा काळा झाला. ढोलकीवाल्या दादांनी ठेका न सोडता पुढची दहा मिनिटे एकट्याने ओढून नेली, म्हणून आमची लाज राहिली. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळिसाच्या घरात जातो, हे आपल्याला ठाऊक असूनही यंत्र विकत घेताना ते आपण हिशेबात धरत नाही. उलट बाजूही तेवढीच खरी आहे. वीज गेली तर लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर तग धरतो. एमपीसी वनमध्ये मात्र बॅटरी नाही, त्यामुळे जनरेटर सुरू होईपर्यंत न साठवलेले काम गेलेले असते. एमपीसी लाइव्हमध्ये बॅटरी आहे आणि एसपी-४०४ एमके टू साध्या पेन्सिल सेलवरही चालतो. खेडेगावातल्या कार्यक्रमांसाठी सॅम्पलर घेणाऱ्याने पॅडची संख्या नंतर मोजावी, आधी वीज कुठून येणार ते विचारावे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही स्वतःकडे असलेली सर्वांत मोलाची वस्तू पत्रात सहज लिहून पुढे गेला आहात, ती म्हणजे ऑक्टापॅड. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत वर्षानुवर्षे दिसणाऱ्या एसपीडी-२० ला मागच्या बाजूस मिडीचे, म्हणजे कोणता पॅड किती जोरात वाजला ते दुसऱ्या यंत्राला कळवण्याच्या पद्धतीचे, गोल छिद्र आहे, आणि एसपीडी-३० असेल तर यूएसबीही आहे. हा ऑक्टापॅड लॅपटॉपला जोडला की तोच तुमचा पॅड कंट्रोलर होतो. आठ पॅडांपैकी प्रत्येकाला एक मिडी क्रमांक असतो. तो क्रमांक सॉफ्टवेअरमधल्या हव्या त्या आवाजाला लावायचा आणि ऑक्टापॅडचा स्वतःचा आवाज शून्यावर न्यायचा, एवढेच करावे लागते. सहा वर्षे काठीने वाजवलेल्या हाताला जोराची आणि हलकी थाप जेवढी वेगवेगळी काढता येते, तेवढी नव्या रबरी पॅडवर बोटांनी काढायला किमान एक वर्ष लागेल.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. आत्ता पॅडही घेऊ नका आणि सॅम्पलरही घेऊ नका. जमवलेल्या पैशांतला थोडा भाग चांगल्या ऑडिओ इंटरफेसवर खर्च करा. ऑक्टापॅड जुना असेल तर सोबत मिडी-यूएसबी केबल घ्या, आणि इंटरफेसलाच मिडीचे छिद्र असेल तर तिचीही गरज नाही. अकाईचे एमपीसी बीट्स हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि त्यात एमपीसीची कामाची पद्धत बऱ्यापैकी कळते. आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) कानबाईपर्यंतचा एक मोसम असे काम करून पाहा. त्यानंतर तुमचा बहुतेक वेळ घरी बसून गाणी बांधण्यात जात असेल, तर लॅपटॉपमध्ये रॅम वाढवून आणि एसएसडी बसवून घ्या. बांधलेले ठेके तुम्ही मंडपात नेऊ लागला असाल, तर उरलेले पैसे सॅम्पलरवर खर्च करा. तेव्हा तुम्हाला कोणता हवा, ते सांगायला दुसरा कोणी लागणार नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून शिका, ती म्हणजे स्विंग, म्हणजे जोडीतला दुसरा ठोका थोडा मागे सरकवून लयीला दिलेला झोका. मिनिटाला १०० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची होते आणि तिचे चार समान भाग केले तर प्रत्येक भाग १५० चा. यंत्र ५० टक्के स्विंगवर असताना हे भाग सारखेच राहतात. ५८ टक्के केले की दर दोन भागांच्या ३०० पैकी पहिला भाग १७४ आणि दुसरा १२६ होतो. ६६ वर पोचलो की जवळपास तीनपैकी दोन भागांचा पूर्ण झोका मिळतो. कानबाईच्या गाण्यांना आपण जो डुलता केहरवा लावतो, तो माझ्या कानाला ५६ ते ६० च्या दरम्यान बसतो. सगळे ठोके ५० वर जखडून ठेवलेली किती तरी अहिराणी गाणी मी ऐकतो आणि त्यांत पाय का उचलत नाहीत, हे लगेच समजते. अमेरिकेतले हिप-हॉप संगीतकार जे डिला, म्हणजे जेम्स यान्सी, अनेकदा ठोके सरळ करणारी सोय बंद ठेवून हातानेच वाजवत. त्यांचा एमपीसी ३००० आज वॉशिंग्टनमधल्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवला आहे. स्विंगचे काम लॅपटॉपही तितकेच नीट करतो. प्रश्न हाताचा आणि कानाचा आहे.

प्रश्न : शहाद्याहून लिहितो आहे. लॅपटॉपला सोळा पॅडचा कंट्रोलर जोडला, सॉफ्टवेअर बसवले, ब्लूटूथ स्पीकर लावला. पॅडवर बोट मारल्यावर आवाज उशिरा येतो. कंट्रोलर खराब निघाला असे समजून बदलून आणला, तरी तेच. सॅम्पलर घेतल्याशिवाय हे सुटणार नाही का?

उत्तर : कंट्रोलर निर्दोष आहे, दोष स्पीकरचा आहे. ब्लूटूथवरून आवाज पाठवताना तो आधी दाबून बारीक करावा लागतो, पलीकडे पुन्हा उलगडावा लागतो, आणि यात बहुतेक वेळा शंभर मिलिसेकंदांहून अधिक वेळ जातो. गाणी ऐकताना हे जाणवत नाही, पण वाजवणाऱ्याच्या दृष्टीने तो अख्खा ठोका मागे पडतो. आधी वायरचा हेडफोन लावा. अर्धे दुखणे तिथेच जाईल.

उरलेले अर्धे सॉफ्टवेअरच्या ‘बफर’ या आकड्यात आहे. लॅपटॉप आवाज एकेक थेंब न सोडता लोटाभर साठवून मग ओततो, असे समजा. बफर म्हणजे त्या लोट्याचे माप. सेकंदाला ४४,१०० नमुने या वेगाने १,०२४ चा बफर भरायला २३ मिलिसेकंद लागतात, ५१२ ला साडेअकरा, २५६ ला सहाहून थोडे कमी आणि १२८ ला तीन. माप लहान केले की उशीर कमी होतो, पण लॅपटॉपला वरचेवर ओतावे लागते आणि तो थकला की चरचर येते. विंडोजवर साध्या ड्रायव्हरऐवजी (यंत्र आणि संगणक यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरऐवजी) ऑडिओ इंटरफेससोबत येणारा, कमी उशीर लावणारा एएसआयओ ड्रायव्हर निवडा आणि बफर २५६ वर ठेवून सुरुवात करा. हवेतून आवाज एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद घेतो. म्हणजे २५६ चा उशीर हा स्पीकर दोन मीटर लांब ठेवल्यासारखा आहे आणि त्याची हाताला सवय होते.

खात्री करून घ्यायची असेल तर मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो पॅड आणि स्पीकर यांच्या मधोमध ठेवा आणि नखाने पॅडवर चार वेळा टकटक करा. ते रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये आणून मोठे करून पाहा. प्रत्येक वेळी दोन उंचवटे दिसतील, पहिला नखाचा आणि दुसरा स्पीकरमधल्या आवाजाचा. त्या दोहोंमधले अंतर हाच तुमचा खरा उशीर. ते पंधरा मिलिसेकंदांच्या आत आले की निर्धास्त वाजवा. चाळीसच्या वर असेल तर त्यावर सराव मुळीच करू नका, कारण आवाज वेळेवर यावा म्हणून हात नकळत आधी पडू लागतो, आणि तीच खोड घेऊन माणूस खऱ्या ढोलकीवर बसला की सम हुकते. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाची ही खोड काढायला चार महिने लागले.

सॅम्पलरमध्ये हा अंतर्गत उशीर कमी असतो आणि मुख्य म्हणजे तो कायम सारखा राहतो, हे खरे आहे. पण तो घेऊनही तुम्ही ब्लूटूथ स्पीकरच लावलात, तर आजचेच पत्र पुन्हा लिहावे लागेल.

प्रश्न : भुसावळमध्ये ओळखीच्या एकाकडे परदेशातून आणलेला, फ्लॉपीवर चालणारा जुना सॅम्पलर विकायला आहे. घ्यावा का?

उत्तर : आधी पाठीमागची पट्टी वाचा. अमेरिकेत किंवा जपानमध्ये विकलेले यंत्र अनेकदा १२० किंवा १०० व्होल्टचे असते; ते आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये सरळ लावले तर जळते. त्यासाठी स्टेप-डाउन ट्रान्स्फॉर्मर लागतो. मग सोळाही पॅड एकेक करून हलके आणि जोरात वाजवून पाहा, पडद्यावरची अक्षरे दिवसाच्या उजेडात वाचता येतात का ते पाहा आणि मालकाला एक फ्लॉपी तुमच्यासमोर भरून, यंत्र बंद करून, पुन्हा उघडायला सांगा. फ्लॉपीची जागा घेणारे आणि पेन ड्राइव्ह चालवणारे उपकरण बसवता येते, पण ते बसवणारा कारागीर आधी शोधून ठेवा. पहिले आणि एकमेव यंत्र म्हणून मी हे कोणालाही सुचवणार नाही. ज्याच्याकडे रोजच्या कामाचे साधन आहे आणि जुन्या आवाजावर ज्याचे प्रेम आहे, त्याने जरूर घ्यावे.

प्रश्न : मी साक्री तालुक्यात शिक्षिका आहे. आमच्या भागातल्या संबळ आणि पावरी (फुंकून वाजवायचे वाद्य) वाजवणाऱ्यांचे आवाज रेकॉर्ड करून मुलांकडून पॅडवर वाजवून घ्यायचे आहेत. कशाने रेकॉर्ड करावे, आणि परवानगीचे काय? जुन्या कॅसेटमधले गाणे सात सेकंदांपर्यंत वापरले तर चालते, असे एकाने सांगितले.

उत्तर : ताई, आपले पत्र वाचून फार आनंद झाला. सॅम्पलर की लॅपटॉप या वादात आत कोणते आवाज भरायचे हा विषय मागेच पडतो आणि मग सातपुड्याच्या पायथ्याचे गाणेही परदेशी ड्रमच्या तयार संचावर वाजते.

रेकॉर्डिंगसाठी हातात धरायचा साधा स्टिरिओ रेकॉर्डर किंवा लॅपटॉप, इंटरफेस आणि एक मायक्रोफोन पुरेसा आहे. जागा मात्र विचारपूर्वक निवडा. रिकामी वर्गखोली घुमते. त्यापेक्षा धान्याच्या पोत्यांनी भरलेली खोली कितीतरी चांगली. संबळाच्या दोन्ही अंगांचे ठोके वेगवेगळे घ्या, आणि प्रत्येक ठोका हलका, मध्यम आणि जोराचा असा तीन प्रकारे, प्रत्येक प्रकार किमान चार वेळा. मोठ्या आवाजाची थाप ही हलक्या थापेचा नुसता आवाज वाढवून मिळत नाही, तिचा नादच वेगळा असतो. चार-चार वेळा यासाठी की, एकच नमुना लागोपाठ वाजला की कान लगेच ओळखतो. दोन-तीन नमुने आळीपाळीने वाजले की हात जिवंत वाटतो. फाइलच्या आकाराची चिंता करू नका. सीडीच्या दर्जाचे स्टिरिओ रेकॉर्डिंग मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते.

कापताना सर्वांत जास्त काळजी सुरुवातीची घ्या. ठोक्याआधी वीस मिलिसेकंदांची शांतता राहिली, तर जगातला सर्वांत महागडा सॅम्पलरही तो ठोका वीस मिलिसेकंद उशिरा वाजवील. खुला घुमणारा ठोका आणि त्याला दाबणारा बंद ठोका यांना ‘म्यूट ग्रुप’ किंवा ‘चोक ग्रुप’ नावाच्या एकाच गटात ठेवा, म्हणजे बंद ठोका पडताच घुमारा थांबेल. पावरीचे तसे नाही. तिचा सूर लांब असतो, म्हणून आठ-दहा सेकंदांचा अखंड श्वास घ्या आणि तिची पट्टी कीबोर्डच्या पट्टीशी जुळावी म्हणून सूर ओढू नका. गाण्याची पट्टीच पावरीच्या सुराला लावा.

मुलांसाठी मी सॅम्पलर सुचवीन. शाळेत एका लॅपटॉपवर दहा जण वाकले की पडद्यावर कोणाचे तरी डोके येते आणि बाकीचे कंटाळतात. पॅडभोवती मात्र सगळ्यांना हात पोचवता येतो आणि डोळ्यांपेक्षा कान जास्त वापरले जातात.

परवानगीबाबत, सात सेकंदांचा असा कोणताही नियम नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात किती सेकंदांपर्यंत मोकळीक, असा आकडाच नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो, आणि गीत व चाल यांचे हक्क वेगळे असतात. पिढ्यान्‌पिढ्या गायले जाणारे लोकगीत कोणा एकाच्या मालकीचे नसले, तरी ते ज्या कॅसेटवर भरले आहे त्या मुद्रणाला मालक असतो. म्हणून कॅसेट ठेवून द्या आणि तेच गाणे गावातल्या बायांकडून नव्याने गाऊन घ्या.

वादकांशी बोलताना आवाज कुठे वापरला जाईल, गाणे विकले गेले तर त्यांना काय मिळेल आणि त्यांचे नाव कुठे येईल, हे तीन मुद्दे कागदावर साध्या मराठीत लिहा, त्यांच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवा आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. त्या दिवसाचे मानधन त्याच दिवशी द्या, कारण त्यांचा मजुरीचा दिवस बुडालेला असतो. आणि प्रत्येक फाइलच्या नावात वाद्य, ठोका आणि गाव यांच्यासोबत वादकाचे नावही लिहा. पॅडवर बोट ठेवणाऱ्या मुलाला पडद्यावर ‘संबळ-३’ न दिसता आपल्या गल्लीतल्या आजोबांचे नाव दिसेल.